पंपासकट साडेसात

‘नवव्या मिनिटाला काहीतरी घडतं. टाळता आलं असतं.’

हा आमच्या भाऊजींचा एका अल्बमवरचा लेखी आक्षेप. हयात सरकारी हिशेबतपासणीत गेली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी अँबियंट संगीत हाती घेतलं. म्हणजे ज्यात धड ताल नाही, शब्द नाहीत, सुरू कधी झालं ते कळत नाही आणि संपलं हे बऱ्याच वेळाने लक्षात येतं, ते संगीत. ताई त्याला ‘तुमचं ते घूं’ म्हणते.

नाद लागला तो मात्र ऑफिसातच. कॉम्प्युटर सुरू केला की विंडोज ९५चा जेमतेम सहा सेकंदांचा सूर वाजायचा. दिवसभरात हरकत घेण्याजोगं काही नसलेली तेवढी एकच गोष्ट, असं भाऊजी सांगतात. तो सूर ब्रायन ईनोचा आहे हे पुढे कधीतरी कळलं. मग भाऊजी त्याच्या मागावर निघाले ते १९७८च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’पाशी पोचले आणि तिथेच मुक्कामाला राहिले.

आता अडचण अशी, की ह्या संगीताकडे सहज दुर्लक्ष करता यावं, अशी ईनोचीच अपेक्षा. लक्ष दिलंत तर हाताला काही लागेल, नाही दिलंत तरी त्याची तक्रार नाही. अशाला गुण कसे देणार? तुम्हीआम्ही ‘आवडलं’ म्हणून मोकळे होऊ. भाऊजींना त्या शब्दाचाच तिटकारा. ‘आवड म्हणजे पुरावा नव्हे,’ असं बजावतात आणि स्वतः काही बोलले की पुढे जोडतात, ‘हे मत नाही हं, निरीक्षण आहे.’ मंगळवारी ‘निर्जीव’ म्हणून निकालात काढलेला अल्बम रविवारी ‘ह्यात श्वास आहे बघ’ होतो, तेव्हाही ते निरीक्षणच असतं. बदलला असेल तर अल्बम बदलला असेल.

त्यांची कसोटी शब्दकोड्याची. संगीत लावायचं आणि पेपरातलं कोडं सोडवायला घ्यायचं. मध्येच मान वर झाली, तर संगीत नापास. शेरा : ‘आगाऊपणा.’ कोडं सुटलं आणि काही लावलं होतं ह्याचाच विसर पडला, तरीही नापास. शेरा : ‘गैरहजर.’ दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत बसेल ते पास. हसू येतं खरं, पण त्या संगीताने नेमकं काय करावं हे इतक्या थोडक्यात मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. फक्त कोडं अवघड आलं की त्या दिवशी सगळेच अल्बम पास होतात, ह्या माझ्या हरकतीचा खुलासा अजून यायचाय.

दुपारी चार वाजता सोसायटीचा पंप सुरू होतो. दुसरा रसिक खिडकी लावून घेईल. भाऊजी उघडतात. ‘आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यावरची यंत्रं गुणगुणतात ती त्याच्या दुपटीत, १००वर. म्हणजे पांढरी पाच, किंचित चढी.’ पेटी काढून त्यांनी हे ताडून पाहिलंय. मग वहीत नोंद होते : ‘पंपासकट साडेसात. पंपाशिवाय सहा.’ मुलीकडे अमेरिकेत गेले, तर तेच अल्बम बेचव लागायला लागले. दोन दिवस बेचैन होते. शेवटी दोष सापडला फ्रिजमध्ये. तिथली वीज ६० आवर्तनांची, फ्रिज १२०वर गुणगुणतो, आणि तो सूर काळी पाच आणि पांढरी सात ह्यांच्या बरोबर मधोमध पडतो. ‘धड हा नाही, धड तो नाही! पोरीने असल्या घरात दिवस कसे काढायचे?’ जावई नुकतंच नवं किचन करून बसलेला.

पण पंप हिशेबात धरायचाच कशाला? ह्यावर ते पुन्हा ईनोकडेच बोट दाखवतात. १९७५ साली अपघात होऊन तो अंथरुणावर होता. मैत्रिणीने हार्पची रेकॉर्ड आणून दिली. ती लावून आडवा झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आवाज फारच बारीक ठेवलाय आणि एक स्पीकर तर बंदच आहे. उठायचं त्राण नव्हतं. बाहेर पाऊस. पावसाच्या आवाजातून अधूनमधून हार्पचा एखादा सूर वर यायचा, तेवढाच. ऐकण्याची ही नवी तऱ्हा त्याला त्या दिवशी सापडली, असं तो सांगतो. ‘त्याने पाऊस वजा केला का?’ भाऊजी विचारतात. नाही केला. ‘मग मी पंप का करू?’

त्यांचा दुसरा आधार फ्रेंच संगीतकार एरिक साटी. ह्या गृहस्थाने १९२०मध्ये पॅरिसच्या एका गॅलरीत नाटकाच्या मध्यंतरात खोलीतल्या टेबलखुर्च्यांइतकंच लक्ष द्यावं असं संगीत वाजवायला लावलं. झालं भलतंच. वादन सुरू होताच लोक गप्प बसून ऐकायला लागले. साटी बिचारा, ‘बोला, फिरा, ऐकू नका’ म्हणत सगळ्यांना विनवत हिंडला. ‘पुण्यात केलं असतं तर ही वेळ आली नसती,’ हे भाऊजींचं निरीक्षण.

सवाईला ते दरवर्षी जातात. तंबोरे जुळेपर्यंत डोळे मिटून, चेहऱ्यावर समाधान. गायकाने तोंड उघडलं की डोळे उघडतात. ‘छान चाललं होतं,’ असं पुटपुटून वडापाव आणायला उठतात.

माझा मुलगा लॅपटॉपवर असलंच काही करतो. त्याने चाळीस मिनिटांची एक रचना मोठ्या अपेक्षेने काकांना पाठवली. उत्तरादाखल आक्षेपांची यादी आली. तेविसाव्या मिनिटाला खर्जात खरखर. एकतिसाव्या मिनिटाला ‘भावनाविवशता’. एकूण साडेपाच.

पोरगं माझ्याहून धीट. म्हणाला, ‘काका, तुम्ही वही घेऊन ऐकलंत म्हणजे चूक तुमची. हे ऐकायचं नसतंच.’

भाऊजी गप्प झाले. मुद्दा साटीचाच होता, नाकारणार कसा? फेरतपासणी ठरली. होळीच्या दिवशी, वही न घेता, जेवणानंतर. बाराव्या मिनिटाला भाऊजी घोरायला लागले आणि रचना संपल्यावरही तासभर घोरत होते. उठल्यावर म्हणाले, ‘साडेआठ.’ मुलगा हरखला. पण चहाचा कप हातात आला तसा हिशेबतपासनीस जागा झाला. झोप आली हे खरं, पण ती संगीताची की पुरणपोळीची? दोन्हींचा वाटा वेगवेगळा दाखवता येत नाही तोवर साडेआठ मंजूर कसे करायचे?

तेव्हा शेरा राखून ठेवलाय. येत्या रविवारी ताईने पुन्हा पुरणपोळ्या कराव्यात, त्या दिवशी संगीत लावायचं नाही, आणि झोप किती वेळात लागते ते मोजायचं, असा त्यांचा प्रस्ताव आहे. ताईने वरणभातावर भागवा म्हणून सांगितलंय. भाऊजी त्यालाही तयार आहेत, फक्त तूप किती वाढायचं ते आधी लेखी ठरवा म्हणतात.