घ्यायचा नाही, नुसता बघायचाय

आमच्या सोसायटीतल्या आप्पांनी आयुष्यात एकही वस्तू घाईने घेतलेली नाही. मिक्सर घ्यायला अकरा महिने लागले आणि तेवढे दिवस काकू पाट्यावर चटणी वाटत होत्या. कुठल्याही दुकानाच्या पायरीवरच आप्पा जाहीर करतात, "घ्यायचा नाही, नुसता बघायचाय." दुकानदाराचा चेहरा पडला की त्यांना मोकळं वाटतं. मग ते बसायला स्टूल मागतात.

अशा माणसाच्या गळ्यात मुलाने जर्मनीला जाताना आपली साडेतीनशे सीसीची बुलेट बांधली. "बॅटरी उतरेल, आठवड्यातून दोनदा फिरवा," एवढं सांगून तो विमानात बसला. गाडीला त्याने इंदोरी सायलेन्सर लावून घेतला होता हे सांगायची गरज त्याला वाटली नाही. सगळ्या पेठेला ते आधीच माहीत होतं.

आप्पा बजाज स्कूटरवाले. रात्री उशीर झाला तर फाटकाबाहेरच इंजिन बंद करून स्कूटर उतारावरून अलगद आत सोडणारे. पहिल्या रविवारी सकाळी साडेसातला त्यांनी बुलेट सुरू केली आणि पार्किंगमधल्या दोन गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. आप्पा एकेका खिडकीकडे बघून हात जोडत होते. "सॉरी, सॉरी" असं ते म्हणत असावेत. ओठ तरी तसेच हलत होते.

पुढच्या रविवारपासून आम्ही गाडी ढकलत हमरस्त्यापर्यंत नेऊ लागलो. आम्ही म्हणजे आप्पा धरायला आणि मी ढकलायला. बुलेटचं वजन पावणेदोनशे किलोंच्या वर भरतं. हे मला कोणी काट्यावर दाखवायची गरज नाही.

मग सायलेन्सर बदलायचं ठरलं आणि वही निघाली. आप्पांच्या प्रत्येक खरेदीची एक वही असते. हिच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं : रहिवासी भाग, दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. खाली लाल शाईने, दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. शेजारी पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडून त्यांवरून रोलर फिरवल्याचा, पेपरातून कापलेला फोटो. तो फोटो आप्पा अधूनमधून काढून बघत. लोक कुलदैवताचा बघतात तसा.

मोजमापही झालं. फोनवर डेसिबलचं ॲप घेऊन मला सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, पंचेचाळीस अंशांत उकिडवं बसवण्यात आलं. ही पद्धत शास्त्रीय आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती प्रत्येक नोंदीच्या वेळी कुणाचा तरी कुकर शिट्टी द्यायचा त्याची. कुकर थांबला की भंगारवाला. वहीत अजून एक नोंद आहे : "गाडी बंद. 61. (कोकिळा.)"

सायलेन्सर आवाज कसा मारतो हे आप्पांनी मला इतक्यांदा सांगितलं की ते मी झोपेतही म्हणू शकेन. "अरे, जुना वाडा आठव. दिंडीतून शिरायचं, मग चौक, ओटी, माजघर. रस्त्यावर कितीही बोंब मारा, माजघरात पोचेस्तोवर तिची कुजबूज होते. चांगल्या सायलेन्सरच्या आत असाच वाडा असतो. पडदे, भोकं, वळणं. धूर फिरत फिरत दमून बाहेर येतो. आणि हा तुमचा इंदोरी म्हणजे सरळ बोगदा!" इंदोरी माझा कधीपासून झाला कोण जाणे.

नाना पेठेत आम्ही चार शनिवार काढले. तिथे सायलेन्सरची नावं ऐकून आप्पा हरखून गेले. पंजाबी, गोल्डस्टार, शॉर्ट बॉटल, डॉल्फिन. वहीत सगळ्यांना स्वतंत्र पान मिळालं. मडकं घेताना वाजवतात तसा प्रत्येक सायलेन्सर त्यांनी बोटाच्या पेराने वाजवला, कानाशी धरला, आणि मुलाने बॅग तोलायला आणलेला काटा पिशवीतून काढून त्याला टांगलासुद्धा. जड असेल तर आत माल आहे, हे त्यामागचं तत्त्व. एका दुकानदाराने शांतपणे विचारलं, "काका, घ्यायचाय की रद्दीला घालायचाय?"

"आवाज कमी करणारा हवाय," आप्पा म्हणाले.

तो हातातलं काम ठेवून उठला. "कमी करणारा? काका, कमी करणारा तर गाडीबरोबर येतो. तो काढून टाकायलाच पोरं माझ्याकडे येतात."

आप्पा स्टुलावर बसूनच राहिले. चार शनिवार, पाऊण वही, आणि हे कुणी बोललंच नव्हतं. त्यांच्या मुलाने काढलेला असाच कुठल्या तरी मेकॅनिकच्या माळ्यावर गेला असणार.

शेवटी सौदा झाला तो आमच्या मागच्या गल्लीत. तिथला एक कॉलेजचा मुलगा वडिलांच्या बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर काढायला गॅरेजवर आला होता. मॉडेल एकच. आप्पांनी त्याला आधी नियम सांगितले, मग रोलरचा फोटो दाखवला, मग वाडा. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, पण तुमच्याकडे इंदोरी आहे ना? बदली करता?" मेकॅनिकने दोघांचे नटबोल्ट सोडवले. सहा महिन्यांच्या संशोधनाची किंमत झाली मजुरी आणि एक गॅस्केट. आप्पांनी गॅस्केटही दोन दुकानांत विचारून घेतलं.

आता बुलेट सुरू झालेली कळत नाही. आप्पा माझ्याकडे बघून विचारतात, "काही ऐकू येतंय?" मी नाही म्हटलं की त्यांची छाती फुगते. चौथ्या दिवशी मात्र ते दारात उभे. "अरे, नंबरप्लेट खडखडतेय. इतके दिवस आवाजात कळलंच नव्हतं. स्क्रू बदलावा लागेल. चल, नुसते बघून येऊ."

इंदोरी आता रोज संध्याकाळी सातला मागच्या गल्लीतून जातो. पहिल्या दिवशी काकू ओट्यावरचं काम टाकून गॅलरीत आल्या होत्या. मग "अगं बाई," म्हणून आत गेल्या. आप्पांनी वही काढली, फोन धरला, 88 लिहिलं आणि त्या पोराच्या बापाशी बोलायला हवं असं मला बजावून सांगितलं. अजून बोललेले नाहीत. आधी चौकशी करतायत.

परवा त्यांच्याकडे स्क्रूचे नमुने बघत बसलो होतो. सव्वासात झाले, साडेसात झाले. आप्पा दोनदा गॅलरीत जाऊन आले. तिसऱ्यांदा उठताना आत वळून म्हणाले, "काय गं, आज अजून आला नाही तो?"