सह्याद्रीवाले नाना

मुलाकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला आलेल्या वडिलांत सह्याद्रीवाले नाना लगेच ओळखू येतात. बाकीचे वडील पहिल्या आठवड्यात डिशवॉशर शिकतात; नाना जुनी सॅक आणि झिजलेले ॲक्शनचे बूट बाहेर काढून विचारतात, "इथे जवळपास गड कुठला?"

गड नसतो. मग मार्चमधल्या एका रविवारी मुलगा त्यांना अर्वाइनहून क्रिस्टल कोव्हच्या एल मोरो कॅनियनमध्ये नेतो. पॅसिफिकच्या काठाला उतरणारी ही दरी. दोन्ही अंगांना झुडपं आणि निवडुंग. नाना पाटी वाचतात. "यांनी आमची सांदण दरी बघितली असती, तर पाटी काढून ठेवली असती."

सून म्हणते, "बाबा, आज सँटा ॲना आहे, वारा जोरात असेल." नाना हसतात. शाळेत भूगोल पाठ केलेल्या माणसाला वाऱ्याची काय भीती घालता! "दिवसा खारे वारे, समुद्राकडून. रात्री मतलई. आत्ता वाजलेत अकरा, म्हणजे वारा समोरून." ते छाती काढून समुद्राकडे तोंड करतात आणि वारा पाठीत रट्टा घालतो. सँटा ॲना आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हता. नेवाडा-युटाकडच्या उंच, वाळवंटी मुलखातली कोरडी हवा डोंगर उतरताना दाबली जाते, किलोमीटरमागे साधारण १० अंशांनी तापते आणि असल्या दऱ्यांतून भर दिवसा समुद्राकडे सुटते. ओठ फुटतात, दातांत धूळ करकरते. नानांची टोपीही पॅसिफिककडे निघते.

मुलगा धावतो. नाना त्याला अडवतात. "पळतोस कशाला? कोकणकड्यावरून टोपी खाली टाकली, तर वारा वर आणून देतो." तिघं उभे राहतात. कर्नल साइक्सला त्या कड्यावर इंद्रवज्र दिसलं, ती गोष्ट सांगून संपते. टोपी येत नाही.

बोडक्या डोक्याने चालताना नाना जरा धार्मिक होतात. वाटेकडेला चकचकीत त्रिदळ दिसताच "अरे, बेल!" म्हणून हात घालतात. "बाबा, पॉयझन ओक!" सून किंचाळते. तोवर सोमवारच्या महादेवासाठी दोन डहाळ्या खिशात गेलेल्या असतात.

मंगळवारी नानांचे हात कोपरापर्यंत लालबुंद. पुण्याच्या ट्रेक ग्रुपला व्हिडिओ कॉलवर ते सांगतात, "कॅनियन ठीक. वारा मात्र फार कोरडा हो, कातडी सोलून काढली." फोन सुनेला धरावा लागतो, नानांचे दोन्ही हात खाजवण्यात गुंतलेले असतात.