एडिंबरा : उन्हाळ्यात येणाऱ्या आई-बाबांसाठी



एडिंबरा ही स्कॉटलंडची राजधानी. मधोमध वेव्हर्ली स्टेशन आणि त्याच्या डोक्यावरच बालमोरल हॉटेलचा घड्याळाचा मनोरा. 1902 मध्ये हॉटेल सुरू झाले तेव्हापासून हे घड्याळ मुद्दाम तीन मिनिटे पुढे ठेवतात, म्हणजे लोकांची गाडी चुकू नये. फक्त 31 डिसेंबरच्या रात्री ते खरी वेळ दाखवते. गाडीच्या दोन तास आधी फलाटावर पथारी पसरणाऱ्या प्रवाशांना या सोयीचा उपयोग नाही, तरी फोटो जरूर काढावा.

खरी वेळ सांगण्याचे काम तोफेकडे. कॅल्टन टेकडीवर नेल्सनचे स्मारक आहे. 1852 च्या सुमारास त्याच्या माथ्यावरून दुपारी एक वाजता एक मोठा गोळा खाली सोडायला सुरुवात झाली. लीथ बंदरातली जहाजे त्यावरून आपली घड्याळे लावून घेत. धुके पडले की गोळा दिसेना, म्हणून 1861 पासून त्याच वेळी किल्ल्यावरून तोफही उडू लागली. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडले तर ती आजही रोज उडते. बारा सोडून एकच का निवडला, यावर गावात एक उत्तर ठरलेले आहे : बाराला बारा बार काढावे लागले असते, एकला एकात भागते. काटकसरीचा हा विनोद स्कॉटिश माणसे स्वतःच सांगतात, तेव्हा मोकळेपणाने हसावे.

त्याच टेकडीवर राष्ट्रीय स्मारक आहे. खरे तर स्मारकाची सुरुवात आहे. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत पडलेल्या सैनिक-खलाशांसाठी अथेन्सच्या पार्थेनॉनसारखी वास्तू उभारायचे ठरले, वर्गणी काढली, 1826 मध्ये काम सुरू झाले आणि 1829 मध्ये पैसे संपले. उभे राहिले ते बारा खांब. वर्गणीची पावतीपुस्तके हाताळलेल्या माणसांना पुढचे समजावून सांगावे लागत नाही. लोकांनी त्याला ‘एडिंबराची लाज’ म्हटले, पण ना पूर्ण केले ना पाडले. आता सूर्यास्त पाहायला सगळे याच लाजेपाशी जमतात.

जुन्या शहरात सेंट जाइल्स चर्चच्या दाराजवळ फरसबंदीत रंगीत दगडांचे बदामाच्या आकाराचे हृदय बसवले आहे. इथे टोलबूथ नावाचा तुरुंग होता. 1817 मध्ये तो पाडला. त्याच्या दाराच्या जागी थुंकायची पद्धत आहे. मुळात तिरस्काराने थुंकत, आता नशीब उघडावे म्हणून. ‘येथे थुंकू नये’ या पाट्यांखाली आयुष्य गेलेल्यांना ही सवलत मोठी वाटेल. नातवाला मात्र ती दाखवू नये. त्याला ती आधीच ठाऊक आहे.

सर्वांत लाडकी कथा ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीतली. जॉन ग्रे हा पोलीस खात्यातला रात्रीचा पहारेकरी 1858 मध्ये वारला. त्याचा छोटा टेरियर कुत्रा बॉबी पुढची 14 वर्षे, 1872 मध्ये मरेपर्यंत, धन्याच्या थडग्यापासून हलला नाही, असे सांगतात. हलायचा तो एकची तोफ झाली की, जवळच्या खानावळीत जेवायला. तोफ 1861 ची. आधीची तीन वर्षे त्याला जेवणाची वेळ कोण सांगत होते, यावर कथा मौन पाळते. 1867 मध्ये बेवारस, बिनपरवान्याच्या कुत्र्यांवर गंडांतर आले, तेव्हा नगराध्यक्ष विल्यम चेंबर्स यांनी बॉबीच्या परवान्याचे पैसे भरले आणि गळ्यात पट्टा घातला. तो पट्टा शहराच्या संग्रहालयात आहे. 1873 मध्ये पुतळाही झाला. 2011 मध्ये संशोधक यान बाँडेसन यांनी कागदपत्रे तपासून मांडले, की बॉबी एक नसून दोन असावेत : पहिला मेल्यावर दुसरा आणला असेल, कारण कुत्रा पाहायला येणारी गिऱ्हाइके खानावळीला हवी होती. तर्क पटण्याजोगा आहे. पुतळ्यापुढची रांग त्याने तसूभर कमी झाली नाही. पुतळ्याचे नाक चोळल्यास भाग्य लाभते ही समजूत जुनी नव्हे, पर्यटकांनी अलीकडे काढलेली टूम आहे. त्यापायी नाकावरचा काळा रंग उडाला. तेव्हा हात लावू नये, लांबून नमस्कार करावा.

किल्ल्याच्या वाटेवरचा आउटलुक टॉवर आपल्या जवळचा. त्याच्या माथ्यावरच्या काळोख्या खोलीत आरसा आणि भिंग यांच्या साहाय्याने सारे शहर हलत्या चित्रासारखे एका टेबलावर उमटते. 1892 मध्ये ही वास्तू पॅट्रिक गेडिस यांनी घेतली आणि तिचे संग्रहालय केले : आधी माथ्यावरून गाव पाहायचे, मग मजला मजला उतरत स्कॉटलंड, युरोप, जग. हेच गेडिस पुढे मुंबईला गेले आणि 1919 मध्ये मुंबई विद्यापीठातल्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. आत्याच्या एम.ए.चा उगम या जिन्यात आहे, असे तिला कळवायला हरकत नाही.



ता. क. : वॉल्टर स्कॉटच्या स्मारकाला 287 पायऱ्या आहेत. बाबांनी खालच्या बाकावर बसावे. आई वरून हात हलवतील.