गल्लीचे दत्तकविधान

‘फोस्टरिंग’, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत कुत्र्याचा तात्पुरता सांभाळ, ही प्रथा शहरी प्राणिमित्र संस्थांनी रूढ केली असली, तरी जालन्याचे गावठी कुत्रे तिचा लाभ अर्ज न भरताच घेत आले आहे. सकाळी टपरीवर खारी, दुपारी मटणाच्या दुकानापुढे हाडूक आणि रात्री सळईच्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याच्या भाकरीत वाटा. दत्तक देताना संस्था घरपाहणी करते, घरमालकाची संमती मागते, नसबंदीचे हमीपत्र घेते. एवढी चौकशी जावई निवडताना होत नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी व लसीकरण झालेले कुत्रे पकडल्या जागीच सोडायचे असते, मात्र नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आदींच्या आवारांसाठी याला अपवाद केल्याने, स्थानकातले कुत्रे निर्वासित आणि रस्त्यापलीकडचे त्याचे सख्खे भावंड कायदेशीर रहिवासी, अशी वर्गवारी निर्माण झाली आहे. खंडोबाच्या कुत्र्याला चंपाषष्ठीस भरीत-रोडग्याचा घास घालणारे सुखवस्तू घर मात्र लॅब्राडोरच विकत आणते आणि मे महिन्यात त्याच्यासाठी वेगळा कूलर लावते.