बिलोबा

महाडहून रायगडाकडे निघालात की वाटेत आमचं नाते लागतं. नात्यात पैसे मागू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या बिलोबानं ते गावाच्या नावासकट पाळलंय.

बिलोबा फ्रीलान्सर आहे. लॉकडाऊनमध्ये मुंबईहून आला, माळ्यावर टेबल टाकलं आणि लोगो, माहितीपत्रकं करायला लागला. गिऱ्हाइकं तीन, तिन्ही पुण्याची. बिलं बनवायची ॲपं अकरा.

काम तो दोन दिवसांत उरकतो, बिलाला आठवडा लागतो. पहिल्याच बिलाचा नंबर त्यानं 101 टाकला. आधीची शंभर गिऱ्हाइकं तृप्त होऊन गेलीत, असं समोरच्याला वाटावं म्हणून. त्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आसपास फिरकत नाही, म्हणजे जीएसटी नोंदणीची गरजच नाही. तरी बिलात जीएसटीचा रकाना आहे आणि त्यातलं ‘लागू नाही’ लग्नपत्रिकेत शोभेल अशा अक्षरात आहे. पेपालनं 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवणं बंद केलं, तेव्हा हा दोन दिवस नीट जेवला नाही. पेपालवरून त्याला कधी दमडी आली नव्हती. पण बटणाचा निळा रंग लेटरहेडला जुळायचा.

“अरे, यूपीआयवर घे की. फुकट आहे,” मी म्हटलं.

“दादा, फुकटला प्रोफेशनल कोण म्हणतं?”

मग दोन टक्के कापणारा गेटवे बरा की कमी कापणारा, यावर पूर्ण पावसाळा गेला. कशातून कापणार, हे मी विचारलं नाही. शेजारधर्म आहे.

याच गावात 1896 साली चिंतामणराव देशमुख जन्मले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांची सही नोटांवर असायची. बिलोबाचीही बिलावर असते, डिजिटल. चिंतामणरावांनी मेघदूत मराठीत आणलं, तर हा स्मरणपत्रं क्लाउडवरून धाडतो. यक्षानं मेघाला अलकेपर्यंतचा रस्ता तरी नीट सांगितला होता. याचा मेघ स्पॅममध्ये जाऊन बसतो, आणि आषाढात खरा मेघ नात्यावर उतरला की वीज जाते.

कायदाही त्याच्या बाजूनं आहे, हे विशेष. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावेत, असं 2006 चा कायदा सांगतो. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन गणपतीच्या तसबिरीशेजारी लागलंय. पण ती 45 दिवसांची ओळ बिलावर टाक म्हटलं की याचे कान लाल होतात. “बरं दिसत नाही हो. त्यांना काय वाटेल?” अकराही ॲपांचं मूळ मला तिथंच दिसतं. ‘पैसे कधी देताय?’ हे तीन शब्द तोंडातून काढायला नकोत, म्हणून एवढा सरंजाम.

रस्त्याकडेला एक आजी गडावर जाणाऱ्यांना काकडी आणि ताक विकते. पुठ्ठ्यावर क्यूआर, झाडाला पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा. पर्यटक मोबाइल नाचवत “झालं, झालं” म्हणतात. आजी गाडीच्या काचेवर हात ठेवून उभी. “डबा बोलला नाय अजून.” डबा बोलेपर्यंत मुंबईची मोटार हलत नाही.

परवा बिलोबा तिथं ताक पीत होता. पुण्याकडं चार महिने 18 हजार अडकलेत, असं बोलून गेला.

“मागितलेस?”

“सात मेल केले, आजी.”

“तोंडानं मागितलेस?”

बिलोबा चपलेचा अंगठा बघायला लागला.

“लाव फोन. मी बोलते.”

“रेंज नाही इथं.”

झाडावरचा डबा म्हणाला, “तीस रुपये प्राप्त झाले.”