घाईचा पाव आणि निवांत गिऱ्हाईक

वऱ्हाडात, निदान आमच्या जऊळक्यात तरी, ‘पाव’ हा शब्द एकतर देवाला उद्देशून उच्चारायचा असतो किंवा शेराचा चतुर्थांश मोजताना. खाण्याचा जो पाव, तो ज्वर उतरलेल्या माणसाला दुधात बुडवून द्यावयाचे पथ्य होय, आणि धडधाकट माणूस पाव खाताना दिसला तर शेजारीपाजारी त्याच्या प्रकृतीची विचारपूस करावयास येतात. अशा संस्कारांत साठी ओलांडलेला मी केवळ एक पाव खाण्यासाठी अकोल्याची गाडी धरून पुढे मुंबईस निघालो आहे, हे घरी कळते तर माझी रवानगी अन्यत्र झाली असती. सबब ‘डोळे दाखवून येतो’ अशी कैफियत मी सौभाग्यवतींपुढे रुजू केली आणि ती विनाचौकशी मंजूर झाली.

या प्रकरणातील मूळ आरोपी माझा पुतण्या. तो व्हिएतनाम पाहून आला आणि तेव्हापासून ‘काका, तुम्ही एकदा बान्ह मी खाच’ एवढा एकच धोशा त्याने फोनवर लावला. व्हिएतनामी भाषेत ‘बान्ह’ म्हणजे पिठाचा पदार्थ आणि ‘मी’ म्हणजे गहू. परंतु मराठी कानाला हे नाव अहंकाराने संपते, आणि ‘काय खाल्लेत?’ या प्रश्नास ‘बान्ह मी’ असे उत्तर दिले की ऐकणारा पुढच्या क्रियापदाची वाट पाहत उभा राहतो.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी त्या देशात अंमल बसवला, तेव्हा आपला दंडुक्यासारखा लांब पावही त्यांनी सोबत नेला. तो साहेबी रिवाजाने, म्हणजे पाव एकीकडे आणि मांसाचे काप दुसरीकडे, असा बशीत मांडून खात. 1954 साली देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेकडील असंख्य कुटुंबे दक्षिणेत आली. त्यांतल्याच एका दांपत्याने 1958 साली सायगावात होआ मा नावाचे दुकान थाटले आणि कामावर धावणाऱ्या गिऱ्हाइकांना बसून खाण्याची सवड नाही हे पाहून बशीतला सारा ऐवज पावाच्याच पोटात भरून त्यांच्या हाती दिला, असे सांगतात. पुढे आठ वर्षांनी दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी पोर्तुगिजांच्या पावात आपला बटाटेवडा बसवला, तोही लोकल पकडणाऱ्यांसाठीच. गोव्याचा चोरीस-पाव हा तर, डुकराच्या मांसामुळे, बान्ह मीचा सख्खा चुलतभाऊच म्हणावा लागेल. सरकारे बरखास्त झाली. पाव मात्र नोकरीत कायम राहिले. असा हा घाईत असलेल्या माणसांचा पदार्थ, आणि तो खाण्यासाठी मी रात्रभर प्रवास करून आलो होतो!

पुतण्याने मला कचेऱ्यांच्या वस्तीतील एका काचबंद उपाहारगृहात नेले. दरपत्रकातील आकडा वाचून, एवढ्या रकमेत जऊळक्याच्या अख्ख्या आळीला आलूबोंडे खाऊ घालता येतील असा हिशेब मी मनातल्या मनात मांडला. पुतण्याने सामिष मागवले. मला म्हणाला, ‘काका, तुम्ही चाय घ्या.’ ‘बिनसाखरेचा सांग,’ मी म्हणालो. तेव्हा व्हिएतनामीत ‘चाय’ म्हणजे शाकाहारी असा खुलासा झाला.

समोर आलेल्या वस्तूचा पंचनामा येणेप्रमाणे: वीतभर लांबीचा, कुशीतून चिरलेला पाव, आत सिरक्यात मुरवलेल्या गाजराच्या व मुळ्याच्या काड्या, काकडीची लांब फाक, दांड्यांसकट कोथिंबीर, हिरव्या मिरचीच्या चकत्या आणि या सर्वांच्या मधोमध टोफूचे दोन काप. टोफू म्हणजे सोयाबीनचे पनीर. ज्या सोयाबीनची पोती आम्ही बाजार समितीत उतरवून भावाची वाट पाहत झाडाखाली बसतो, ज्याचा दाणा मुठीत घेऊन व्यापारी ‘ओल आहे’ असे म्हणतो आणि आम्ही निमूटपणे ऐकून घेतो, ते आमचे सोयाबीन येथे शुभ्र वस्त्रे नेसून, तिळाची टिकली लावून, गारेगार हवेत विराजमान झालेले पाहिल्यावर, श्रीमंताघरी दिलेल्या लेकीचा थाट पहिल्यांदा पाहणाऱ्या बापाला जे वाटत असेल ते मला वाटले. लेकीने ओळख दाखवली नाही, हे ओघाने आलेच.

पहिल्या घासाला पाव दबला, तुटला नाही. दुसऱ्या घासाला मी माघार घेतली. माझी वरची कवळी मात्र पावातच मुक्कामास राहिली. वाढप्याने अत्यंत अदबीने ‘पार्सल करू का?’ असे विचारले, ते पावाविषयी की कवळीविषयी, हे मला अद्याप समजलेले नाही.

दोष सारणाचा नव्हता, वेळेचा होता. हा पाव भट्टीतून निघाल्यावर काही तासच शुद्धीवर असतो; नंतर त्याची चामड्याची चप्पल होते, आणि आम्ही गेलो होतो दुपारी चारला. दुसऱ्या दिवशी मी एकटाच अकरा वाजता तेथे गेलो. त्या वेळी वरचे कवच पापडासारखे कुरकुरत फुटले, आतला गर कापसासारखा निघाला, सिरक्याचा आंबट गारवा आणि मिरचीचा जाळ एकदमच जिभेवर आले, आणि मी, आयुष्यात प्रथमच, आजारी नसताना आख्खा पाव संपवला. मुळा मात्र आमच्याकडचा अधिक झणझणीत असतो.

तेव्हा वाचकहो, मुंबईत हा पदार्थ कुठे खावा असे विचाराल, तर ज्या दुकानात पाव तिथल्या तिथे भाजतात तेथे, आणि बाराच्या आत. आधी ‘पाव कधीचा?’ असे विचारा. आणि कवळी असेल तर ती डबीत घालून खिशात ठेवा.