अर्ध्या कोयत्याचा वकील

अपघाताचे दावे लढवणारा एखादा वकील फायद्याचं सोडून भलत्याच गोष्टीमागे लागला, की लोक त्याला मूर्ख म्हणतात. म्हणू देत. नेवाशासारख्या तालुक्याच्या गावी असा मूर्खपणा करत राहणं मला फार मोठं काम वाटतं, आणि आज त्याचीच स्तुती करायची आहे.

आधी शहाणपण कसं चालतं ते बघा. सोनई आणि भेंड्याचे साखर कारखाने पेटले की नेवासा फाट्याच्या आसपास रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे साधा लाल दिवाही नसतो. अपघात झाला की शहाणा वकील वकीलपत्रावर अंगठा घेतो, भरपाईत आपला टक्का ठरवतो आणि लोकअदालतीत विमा कंपनी देईल त्या आकड्यावर तडजोड करून टाकतो. लोकअदालत वाईट नाही. वर्षानुवर्षं तारखा झेलण्यापेक्षा कित्येकदा तीच बरी. पण तिच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून घाईत मान्य केलेला आकडा कायमचा होऊन बसतो. टक्क्याचं म्हणाल, तर निकालावर फी ठरवायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई आहे. तो नियम पाळला, हा वकिलाचा पहिला मूर्खपणा.

दुसरा मूर्खपणा कोयत्याचा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर असते आणि टोळीच्या मुकादमाच्या वहीतही त्याचंच नाव. ट्रॅक्टरखाली बाई गेली, की उलटतपासणीत प्रश्न येतो, "वहीत हिचं नाव दाखवा." ते नसतंच. शहाणा वकील अर्जात ‘गृहिणी’ लिहून मोकळा होतो. मूर्ख वकील मुकादमाच्या गावी जातो, वही मागतो, त्याला साक्षीला उभा करतो आणि टोळीतल्या बायकांकडून वदवून घेतो, की ही बाई पहाटे भाकरी थापायची आणि उजाडायच्या आत फडात असायची.

त्याची ही पायपीट वाया का जात नाही, ते हिशेबात दिसतं. समजा, बाई 32 वर्षांची आणि मागे अवलंबून असलेली चार माणसं. महिन्याची कमाई 6,000 धरली तर वर्षाचे 72,000. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (2017) भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवले की 1,00,800. तिच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून उरतात 75,600. सरला वर्मा निकालातला (2009) या वयाचा गुणक 16. एकूण 12,09,600. महिन्याला 12,000 सिद्ध झाले, तर हीच रक्कम 24,19,200 होते. बारा लाखांचा फरक एका वहीचा आहे. घरकामालाही मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या कीर्ती प्रकरणात पुन्हा सांगितलं. फडातली बाई तर दोन्ही कामं करत होती.

मग ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, चालकाचा परवाना बरोबर नाही, अशा हरकती येतात. त्या एकेक करून खोडाव्या लागतात. प्रकरण छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत गेलं, की आणखी काही वर्षं गेली.

तिसरा मूर्खपणा मला सगळ्यांत प्रिय आहे. निकाल बहुधा इंग्रजीत असतो. तो हातात आल्यावर हा वकील मयताच्या सासूला समोर बसवून ओळ न् ओळ मराठीत सांगतो. किती रक्कम, कुणाच्या नावे, नातवंडांची ठेव कोणत्या बँकेत, ती कधी मोडता येईल, सगळं. म्हातारी दोनदा विचारते, तो दोनदा सांगतो. या कामाची फी नाही. ज्या गावात पैस खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये गीता मराठीत सांगितली, तिथे कोर्टाचा कागद मराठीत समजावून सांगणं हे वकिलाचं कामच आहे, असं मी मानतो.

शेवटी घरच्यांसाठी एक सूचना. मोटार वाहन कायद्यात एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेव्हा तेरावं झाल्यावर कागद शोधू, असं म्हणत बसू नका. फिर्याद, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या नकला लगेच काढा. आणि मुकादमांना हात जोडून एक मागणं आहे: यंदा उचल देताना वहीत बाईचंही नाव लिहा.